कामावरून उठताना उद्याचं काम मांडून ठेवायची सवय

निळा दोरा
२ डिसेंबर, रात्री १०.४०

नमस्कार. मी कोल्हापुरात घरीच ब्लाउज शिवते, बारा वर्षं झाली. इथं पहाटे उठण्यावर, व्यायामावर, फोन कमी करण्यावर बरेच धागे आहेत आणि मी ते वाचत असते. पण माझं काम ज्या सवयीनं रुळावर आलं ती रात्रीची आहे, पंधरा मिनिटांची, आणि तिच्याबद्दल कुणी लिहिलेलं दिसलं नाही. म्हणून लिहिते.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. तुळशीचं लग्न झालं आणि लग्नसराईची गर्दी सुरू झाली. एका मुलीचा हळदीचा ब्लाउज गुरुवारी संध्याकाळी द्यायचा होता. कापड आठ दिवस माझ्याकडे होतं. गुरुवारी सकाळी पिशवी उघडली तेव्हा लक्षात आलं, अस्तर भिजवलेलंच नाही. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: सुती अस्तर कापायच्या आधी पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करून घ्यावं लागतं. नाहीतर पहिल्याच धुण्यात अस्तर आटतं, वरचं कापड तसंच राहतं आणि ब्लाउज वाकडा होतो. त्या दिवशी नेमकं आभाळ आलेलं. अस्तर पंख्याखाली धरलं, इस्त्री फिरवली आणि दमट असतानाच कापलं. संध्याकाळपर्यंत ते वाळत वाळत आत ओढलं, बाहीला आणि काखेत चुण्या पडल्या. मुलगी घालून बघायला आली तर तिचा हात वर होईना. उसवून परत करायला वेळ नव्हता. तिनं हळदीला बहिणीचा ब्लाउज घातला. तिची आई मला एक शब्दही बोलली नाही, उलट पैसे ठेवून गेली. ते मी दुसऱ्या दिवशी नेऊन परत दिले. त्या घरातलं काम पुन्हा माझ्याकडे आलं नाही.

त्या रात्री मी वही घेऊन बसले. साधा अस्तराचा ब्लाउज मला दोन-अडीच तासांत होतो. मी साडेनऊला मशीनवर बसते. म्हणजे रात्री आठपर्यंत तीन सहज व्हायला हवेत, पण होत होते दोन, आणि तिसरा जागून. मग चार दिवस लिहून काढलं की सकाळी नेमकं काय होतं. साडेनऊला बसले तरी पहिली टीप पडायला पावणेअकरा वाजत होते. कुठला आधी घ्यायचा हे ठरवण्यात वेळ, मापाची वही शोधण्यात वेळ, दोरा जुळत नाही म्हणून खाली दुकानात फेरी, गळ्याचं डिझाइन फोनवर आलेलं म्हणून फोन उघडणं, आणि एकदा फोन उघडला की तीन जणींची उत्तरं देणं.

आता रात्री मशीनवरून उठायच्या आधी मी हे करते. उद्याचा पहिला ब्लाउज कापून ठेवते. पाठ, पुढचे भाग, बाह्या, पट्ट्या, अस्तर असं सगळं एकावर एक ठेवून त्याच्याच कतरणीनं बांधते. त्या रंगाच्या दोऱ्याच्या दोन बॉबिन भरते. गळा फोनमध्ये बघून मापाच्या वहीत पेन्सिलनं काढते, खोली-रुंदी आकड्यात लिहिते, म्हणजे सकाळी फोन लागतच नाही. परवाचं अस्तर बादलीत टाकते. आणि शेवटी पुढच्या भागाचा पहिला टक्स खडूनं आखून, टाचणी लावून, मशीनच्या फुटाखाली सरकवून ठेवते. दिवा बंद करते.

सकाळी बसलं की पाय पायट्यावर आणि टीप सुरू. ठरवायचं काही उरलेलंच नसतं. हात चालू झाले की डोकं मागून आपोआप येतं. तीन ब्लाउज होतात, आणि गेल्या लग्नसराईत एकही रात्र मी बाराच्या पुढे जागले नाही.

तुमच्या कामात असं काही असतं का? वेगवेगळ्या कामातल्या लोकांकडून ऐकायचं आहे.

---

नाइट ड्युटी
२ डिसेंबर, रात्री ११.५५

ताई, तुमचं वाचून एकदम आमचं ‘ओव्हर’ आठवलं. मी सरकारी रुग्णालयात स्टाफ नर्स आहे. ड्युटी संपताना पुढच्या सिस्टरला ओव्हर दिल्याशिवाय आम्ही वॉर्ड सोडत नाही. तेही टेबलावर बसून नव्हे, बेडपाशी जाऊन. चार नंबरची सलाईन किती राहिली, सात नंबरचं अँटिबायोटिक पुन्हा किती वाजता, नऊ नंबरच्या आजींना रात्री दोनदा उलटी झाली, डॉक्टरांना कळवलंय, रिपोर्ट यायचाय. पेशंटचं काय झालंय, आधीचं काय, आत्ता कसं आहे, पुढं काय करायचं, या क्रमानं.

शिकत होते तेव्हा वाटायचं हे सगळं फाइलमध्ये आहेच की, तोंडानं कशाला. एकदा घाईत मी एका आजोबांचं ‘सकाळी सहापासून उपाशी ठेवायचंय’ सांगायचं विसरले. पुढच्या सिस्टरनं त्यांना चहा-बिस्किट दिलं, ऑपरेशन एक दिवस पुढं गेलं. आजोबांना काही झालं नाही, पण त्यांचा मुलगा गावाहून एका दिवसाची रजा काढून आला होता. ती रजा वाया गेली. तो चेहरा मी विसरले नाही.

ऑपरेशन थिएटरमध्ये तर ही गोष्ट जगभर यादीनं करतात. जागतिक आरोग्य संघटनेनं २००८ साली १९ मुद्द्यांची यादी काढली: भूल द्यायच्या आधी, चीर द्यायच्या आधी आणि पेशंटला थिएटरबाहेर न्यायच्या आधी मोठ्यानं वाचायची. आठ शहरांतल्या रुग्णालयांत, त्यात दिल्लीही होती, ती वापरून बघितली तेव्हा शस्त्रक्रियेनंतरचे मृत्यू दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर आले. यादीत नवीन ज्ञान काहीच नव्हतं. पेशंटचं नाव, कुठली बाजू, रक्ताची सोय, स्पंज मोजले का. सगळ्यांना माहीत असलेलंच, पण ठरलेल्या क्षणी विचारलेलं.

तुम्ही स्वतःच स्वतःला ओव्हर देता, असं मला वाटलं. रात्रीची तुम्ही सकाळच्या तुम्हाला.

---

निळा दोरा
३ डिसेंबर, सकाळी ९.१०

‘स्वतःला ओव्हर देणं’. सिस्टर, हा शब्द मी आता वापरणार.

---

दोन पिल्लांची आई
३ डिसेंबर, दुपारी २.२०

ताई, मनापासून लिहिलंय तुम्ही, पण मला एक अडचण सांगायची आहे. तुमच्या दिवसाला शेवट आहे. माझ्या नाही. मी घरून चार दुकानांची जीएसटीची कामं करते. धाकटी अडीच वर्षांची. ती झोपली की मी लॅपटॉप उघडते, आणि ती कधी उठेल ते तिच्या मनावर. उठली की रडत येते, मी अर्ध्या आकड्यात उठते. रात्री तिला थोपटता थोपटता मीच झोपते. ‘उठायच्या आधी पंधरा मिनिटं’ माझ्याकडे कुठून येणार?

अकरा तारखेला विक्रीचं रिटर्न, वीसला पुढचं. त्या आठवड्यात मी प्रत्येक वेळी लॅपटॉप उघडून पहिली दहा मिनिटं ‘मी कुठं होते’ हेच शोधत असते. काही बिलं दोनदा चढलीत, एकदा तर एक पूर्ण पान राहून गेलं. त्यामुळं सवयींचे असे धागे वाचले की आधी अपराधी वाटतं आणि मग राग येतो. राग तुमच्यावर नाही, हे सांगून ठेवते.

---

सेमीकोलन
३ डिसेंबर, संध्याकाळी ७.०५

दोन पिल्लांची आई, तुमचा मुद्दा महत्त्वाचा आहे. मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. आमच्याकडे अडीच वर्षांची मुलगी नसते, पण मीटिंग असते, ती तशीच अर्ध्या ओळीत उठवते. मी एक करतो. उठायच्या आधी, अगदी पंधरा सेकंद असले तरी, जिथं थांबलो तिथंच एक ओळ लिहितो: ‘इथून पुढे हे करायचंय, कारण असं’. नीट वाक्य नसतं. पण परत आल्यावर ती ओळ हाताला धरून आत नेते.

यामागं थोडं मानसशास्त्रही आहे. ब्लुमा झायगार्निक या संशोधिकेनं १९२७ साली बर्लिनमध्ये केलेल्या प्रयोगांवर लिहिलं की अर्धवट सोडलेली कामं माणसाला पूर्ण झालेल्यांपेक्षा जास्त आठवतात. पुढच्या लोकांना तो परिणाम दरवेळी सापडला नाही, त्यामुळं त्यावर फार भार टाकू नये. मला त्याहून उपयोगी वाटतो तो २०११ चा मासिकॅम्पो आणि बॉमायस्टर यांचा अभ्यास. अर्धवट राहिलेली गोष्ट मनात टोचत राहते आणि दुसऱ्या कामात लक्ष लागू देत नाही. पण ती कधी, कुठं, कशी पुरी करायची एवढं ठरवून टाकलं तरी टोचणी थांबते. काम संपायची गरज नाही, पुढची पायरी नक्की व्हायची गरज आहे.

म्हणजे तुमची पंधरा मिनिटं दिवसाला एकदा असायलाच हवीत असं नाही. दर वेळी उठताना पंधरा सेकंद, असं जमेल का?

---

द्राक्षबाग
३ डिसेंबर, रात्री ९.३०

आम्ही निफाड तालुक्यातले, द्राक्षवाले. ऑक्टोबरला गोडी छाटणी झाली की पुढं तीन-चार महिने बागेतून मान वर काढता येत नाही. सकाळी धुकं आणि दव असलं की डाऊनी (पानांवरचा बुरशीचा रोग) कधी येईल सांगता येत नाही, फवारणी एक दिवसही पुढं ढकलून चालत नाही. त्यामुळं आदल्या संध्याकाळची तयारी आम्हाला नवीन नाही. ट्रॅक्टरचं डिझेल बघायचं, ब्लोअरचे नोझल काढून धुवायचे (एक जरी तुंबला तरी त्या बाजूची ओळ कोरडी राहते आणि कळतं आठ दिवसांनी, पान पालटून बघितल्यावर), ड्रिपचा फिल्टर धुवायचा, हवामान बघायचं, कुठल्या प्लॉटला कुठलं औषध आणि किती ते वहीत लिहायचं. आमचं आणखी एक, थ्री-फेज लाईट कधी दिवसा असते कधी रात्री, त्यामुळं आमच्या दिवसाचा शेवट लाईटवर ठरतो.

पण ताई, एक गोष्ट जोडतो. सगळंच आदल्या दिवशी करून ठेवायचं नसतं. औषधाचं द्रावण रात्री कालवून ठेवलं तर सकाळी त्याच्यात दम राहत नाही, काही औषधं तळाला बसतात, आणि घरात पोरंबाळं-जनावरं असताना कालवलेलं औषध रात्रभर उघड्यावर ठेवणं धोक्याचं. माझ्या धाकट्या भावानं सुरुवातीला हौसेनं टाकी भरून ठेवली होती. सकाळी पाऊस लागला, टाकीभर औषध वाया गेलं. त्याचे पैसे गेलेच, वर ते टाकायचं कुठं हा प्रश्न.

म्हणून आमच्यात दोन याद्या आहेत. एक ‘रात्री’, एक ‘सकाळीच’. भावानं त्या पंपाच्या खोलीच्या दारावर खडूनं लिहिल्यात. बदलत्या गोष्टी, म्हणजे हवामान, मजूर किती आले, ते सकाळच्या यादीत.

---

निळा दोरा
३ डिसेंबर, रात्री १०.१५

दादा, हे अगदी पटलं. माझ्याकडेही आहे तसं. काठ लावायचा असेल तर तो मी रात्री कधीच कापत नाही. पिवळ्या उजेडात जरीचा रंग फसवतो. काठ, लेस, गोंडे ही सकाळची, खिडकीतल्या उजेडाची कामं. मी हे न ठरवता करत होते, तुमच्यामुळं लक्षात आलं.

दोन पिल्लांची आई, तुमचं वाचून मी दिवसभर विचार करत होते. तुम्हाला अपराधी वाटावं असं काही लिहायचं नव्हतं. माझी मुलं मोठी झाल्यावरच मला ही पंधरा मिनिटं मिळाली, हे मी लिहायला हवं होतं. मुलगा दोन वर्षांचा असताना मीसुद्धा उठेन तेव्हा कापड तसंच टाकून उठत होते. सुई कापडात रुतवून, एवढंच. निदान टीप कुठं थांबली ते कळायचं.

---

जुना कॅशियर
४ डिसेंबर, सकाळी ६.५०

बँकेत चौतीस वर्षं काढली, त्यातली एकोणीस रोखपाल म्हणून. थोडा वेगळा मुद्दा मांडतो, राग मानू नये.

उद्याचं मांडून ठेवणं चांगलंच. पण त्याआधी आजचं मिटवणं. आमच्याकडे रोकड जुळल्याशिवाय तिजोरी बंद होत नसे. शंभर नोटांचं पाकीट, दहा पाकिटांचा गठ्ठा, सुटी वेगळी, सगळं मोजून पुस्तकाशी जुळवायचं, मग दोन किल्ल्या दोन माणसांनी लावायच्या. एकदा ३१ मार्चच्या आसपास पाचशे रुपये कमी आले. साडेनऊ वाजले. मी साहेबांना म्हणालो, माझ्या खिशातून भरतो, घरी जाऊ. साहेब म्हणाले, भरलेस तर रक्कम जुळेल, चूक जुळणार नाही. पुन्हा सगळी पाकिटं सोडली. पाचशेच्या एका पाकिटात एकशेएक नोटा निघाल्या. म्हणजे रोकड कमी नव्हतीच, मोजणी चुकली होती. खिशातून भरले असते तर पाचशे रुपये जादा झाले असते आणि दुसऱ्या दिवशी ते पाकीट कुणाला तरी एक नोट जादा देऊन आलं असतं.

नोटाबंदीत, १० नोव्हेंबर २०१६ ला बँका उघडल्या, त्यानंतरचे कितीतरी दिवस मध्यरात्र उलटली, पण जुळवल्याशिवाय उठलो नाही. आमच्या आजोबांचं किराणा दुकान होतं. ते रोजमेळ, म्हणजे दिवसाच्या जमा-खर्चाचा मेळ, घातल्याशिवाय जेवायला बसत नसत. खतावणी, म्हणजे खात्यावार नोंद, आठवड्यानं झाली तरी चालेल, रोजमेळ त्याच दिवशी.

हल्ली माझ्या नातवाच्या टेबलावर उद्याच्या कामांच्या सुंदर याद्या असतात. पण आजच्या यादीतलं काय झालं, काय राहिलं, का राहिलं, हे तो बघत नाही. राहिलेलं तसंच खाली उतरतं, यादी लांबत जाते. आधी किर्द (रोजची वही) मिटवा, मग नवं पान.

---

निळा दोरा
४ डिसेंबर, सकाळी ९.०५

काका, राग कसला. मी मिटवत नाही, हे खरं आहे. काम झालं की कापडाची पिशवी बाजूला ठेवते आणि पुढचं घेते. हूक लावायचे राहिलेले तीन ब्लाउज आत्ता माझ्या समोर आहेत, कधीचे ते आठवावं लागतंय. आज रात्रीपासून आधी वहीत ‘झालं / राहिलं’ लिहीन.

---

थर्ड शिफ्ट
४ डिसेंबर, दुपारी ४.४५

चाकणच्या कारखान्यात व्हीएमसीवर (धातू कापणारं, संगणकावर चालणारं मशीन) आहे. नुकताच उठलो. आमच्या शिफ्ट बदलत राहतात, फर्स्ट, सेकंड, थर्ड. ‘पहाटे पाचला उठा’वाले सल्ले आमच्यासारख्यांना लागूच पडत नाहीत, पहाटे पाचला आम्ही मशीनसमोर असतो. पण काम सोपवून उठायची सवय कुठल्याही शिफ्टला लागू पडते, म्हणून हा धागा आवडला.

भिंतीवर फाइव्ह एसचा, म्हणजे कामाची जागा नीट ठेवायच्या जपानी पद्धतीचा, बोर्ड आहे, सेइरी, सेइतोन, सेइसो, सेइकेत्सु, शित्सुके. नको ते काढा, हवं ते जागेवर ठेवा, साफ करा, सगळीकडे एकसारखं ठेवा, आणि हे रोज पाळा. ऑडिट आलं की सगळे करतात. रोजचं वेगळं. माझ्या आधी या मशीनवर जे मामा होते ते निवृत्त झाले. त्यांच्याकडून एक शिकलो. ते लॉगबुकात नुसतं ‘मशीन ओके’ लिहीत नसत. लिहीत: ‘बोअर हळूहळू वर सरकतोय, अजून मापात आहे. टी-४ चं इन्सर्ट साधारण चाळीस पीस टिकेल. कूलंट वरपर्यंत भरलाय.’ तीन ओळी. ते वाचून पुढच्या माणसाचा पहिला पीस रिजेक्ट जात नसे. ‘ओके’ वाचून काय कळणार?

मला विचारायचं होतं, अशी सवय अंगवळणी पडायला किती दिवस लागतात? सगळीकडे एकवीस दिवस म्हणतात. मी व्यायामाचं तीनदा एकवीस दिवस केलं आणि बाविसाव्याला सुटलं.

---

सेमीकोलन
४ डिसेंबर, संध्याकाळी ६.३०

एकवीसच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका, दादा. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांना घेऊन हे मोजलं. प्रत्येकानं एक साधी गोष्ट निवडली, जेवणाबरोबर फळ खाणं, नाश्त्यानंतर पाणी पिणं, अशी. न आठवता आपोआप व्हायला लागायला मधला आकडा आला ६६ दिवस. पण पसारा मोठा: कुणाला १८, तर कुणाला २५४ लागतील असा अंदाज. सोप्या गोष्टी लवकर रुळल्या, व्यायामाला जास्त वेळ लागला. आणि तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं, मध्ये एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडलं नाही. बाविसावा दिवस सुटला म्हणजे सगळं गेलं असं नाही, तेविसाव्याला परत सुरू करायचं.

आणखी एक, प्रत्येकानं आपली गोष्ट रोजच्या ठरलेल्या गोष्टीला बांधली होती, ‘नाश्ता झाला की’ असं. तुमच्या शिफ्ट बदलतात, त्यामुळं घड्याळाला बांधू नका. ‘मशीन पुसून झालं की लॉगबुकात तीन ओळी’, असं बांधा.

---

थर्ड शिफ्ट
४ डिसेंबर, रात्री ८.१०

मशीन पुसणं कुठल्याही शिफ्टला असतं. बरोबर. धन्यवाद.

---

अभ्यासिका
५ डिसेंबर, रात्री ११.२५

सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत बसतो, राज्यसेवेची तयारी, तिसरं वर्ष. मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली, त्यामुळं पर्याय ओळखण्याची जुनी तयारी पुरत नाही, रोज हातानं लिहावं लागतं. पहिले काही महिने मी दिवसाला दहा-बारा तास वाचत होतो आणि उत्तर लिहायला बसलो की पान कोरं.

निवृत्त काकांचा ‘आजचं मिटवा’ हा मुद्दा अभ्यासाला कसा लागू पडतो ते सांगतो. शेवटची वीस मिनिटं पुस्तक बंद. कोऱ्या कागदावर, आज वाचलेल्यातलं काय आठवतं ते लिहायचं. पहिल्या दिवशी पाच ओळी आल्या, फार वाईट वाटलं. पण जे आठवलं नाही तेच उद्याचं पहिलं काम. दुसरं काही ठरवावं लागत नाही. नंतर कळलं की रोडिगर आणि कार्पिक यांनी २००६ साली हेच तपासलं होतं. ज्यांनी उतारा पुन्हापुन्हा वाचला त्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवलं, पण आठवड्यानं पाहिलं तर ज्यांनी आठवून लिहायचा सराव केला ते पुढे होते. पुन्हा वाचताना आपल्याला येतंय असं वाटत राहतं, हाच त्यातला धोका.

आता अडचण. अभ्यासिका अकराला बंद होते, दिवे मालवायला लागले की सगळे पिशव्या आवरतात, वीस मिनिटं गडबडीत जातात. आणि खोलीवर गेल्यावर डोक्यात विषय फिरत राहतात, झोप लागत नाही. कुणाला काही उपाय?

---

ऱ्हाईनकाठ
६ डिसेंबर, पहाटे २.४०

मूळचा सातारचा, सध्या जर्मनीत कोलोनला. इथल्या लोकांकडे ‘फायरआबेंड’ असा शब्द आहे, काम संपलं, आता संध्याकाळ माझी, या अर्थाचा. निघताना एकमेकांना ‘शोनन फायरआबेंड’ म्हणतात. कायद्यानंच दोन कामाच्या दिवसांमध्ये किमान ११ तासांची विश्रांती द्यावी लागते. पहिलं वर्षभर मला ते शरीरानं पाळता आलं, मनानं नाही. घरी बसून ऑफिसचाच विचार.

अभ्यासिका, तुझ्या झोपेवर: अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठात २०१८ मध्ये ५७ तरुणांवर एक प्रयोग झाला. झोपायच्या आधी पाच मिनिटं काहींनी येत्या दिवसांत करायच्या कामांची यादी लिहिली, काहींनी झालेल्या कामांची. पुढच्या कामांची लिहिणारे साधारण नऊ मिनिटं लवकर झोपले. जितकी यादी नेमकी, तितकी झोप लवकर. माणसं थोडी होती, पण मी करून बघितलं आणि मला लागू पडलं. फोनवर नको, कागदावर. लिहिलेला कागद दुसऱ्या खोलीत ठेवतो.

आणि वीस मिनिटं अकराला न ठेवता साडेदहाला सुरू कर. शेवट आपण ठरवायचा, दिवे मालवणाऱ्यानं नाही.

---

अभ्यासिका
६ डिसेंबर, सकाळी ८.१५

साडेदहाला. हे इतकं साधं मला सुचलं नव्हतं. आजपासून.

---

नाइट ड्युटी
८ डिसेंबर, सकाळी ९.४०

चाकणच्या दादांनी लिहिलेलं ‘ओके लिहून काय कळणार’ मी आमच्या स्टाफरूममध्ये वाचून दाखवलं. आमच्याकडेही ‘पेशंट स्टेबल’ असं लिहून मोकळं व्हायची सवय लागली आहे. इनचार्ज सिस्टर म्हणाल्या, स्टेबल म्हणजे नाडी किती, ताप किती, लघवी किती झाली, ते लिहा. परवापासून ओव्हरच्या वहीत तो शब्द बंद केलाय.

---

दोन पिल्लांची आई
२१ डिसेंबर, दुपारी १.५०

परत आले. मुद्दाम वीस तारीख उलटल्यावर लिहितेय.

सेमीकोलननं सांगितलेली एक ओळ आणि ताईंनी सांगितलेली कापडात रुतवलेली सुई, या दोन्ही गोष्टी डोक्यात राहिल्या. लॅपटॉपच्या कडेला एक कॅलेंडरचं कोरं पान चिकटवलं आणि दोरीनं पेन्सिल बांधली, कारण सुटी पेन्सिल धाकटी पळवते. ती उठून रडायला लागली की मी जागची उठायच्या आधी त्या पानावर फक्त एवढंच लिहायचं: दुकान, बिल नंबर. ‘हार्डवेअर, ४७’. कधी तिला कडेवर घेऊन लिहिलंय, त्यामुळं अक्षर बघवत नाही. पण परत बसले की थेट अठ्ठेचाळिसावं बिल.

अकरा तारखेचं रिटर्न नवव्या तारखेला गेलं. एकही बिल दोनदा चढलं नाही. मोठीनं आता स्वतःच्या गृहपाठाच्या वहीत समासात बाण काढायला सुरुवात केली आहे, ‘इथं थांबले’ म्हणून.

काकांचं मिटवणं मात्र अजून जमलेलं नाही. त्याला सलग अर्धा तास लागतो आणि तो रविवारी, हे घरात असतात तेव्हाच मिळतो. सध्या आठवड्यानं एकदा मिटवते. चालेल ना काका?

---

जुना कॅशियर
२१ डिसेंबर, संध्याकाळी ५.३०

चालेल. आमच्या आजोबांची खतावणीही आठवड्यानंच होत होती. फक्त तो रविवार चुकवू नका, आणि दोन रविवार साचू देऊ नका.

---

द्राक्षबाग
२२ डिसेंबर, रात्री ८.४५

ताई, घरच्यांनी हा धागा वाचून शिवणयंत्र माळ्यावरून खाली काढलंय. त्यांचा प्रश्न आहे, बॉबिन दोनच का भरायच्या, एक का नाही?

---

निळा दोरा
२२ डिसेंबर, रात्री १०.२०

वहिनींना सांगा, एका अस्तराच्या ब्लाउजला एक बॉबिन जेमतेम पुरते, आणि ती संपते ती नेहमी गळ्याच्या वळणावर. तिथं दोरा तुटला की जोड दिसते. दुसरी भरलेली हाताशी असली की पहिलीत थोडाच दोरा उरलाय असं दिसताच गळ्याच्या आधीच बदलून घेता येते. पहिलीतला उरलेला दोरा हूक लावायला वापरायचा. माझे ते तीन ब्लाउज तसेच झाले, सहा तारखेला. वहीत ‘झालं’ लिहिलंय.